नाव एक, झाडं दोन

आज आपण ब्रह्मदंडीबद्दल बोलू. आपल्या वावराच्या धुऱ्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास एक काटेरी रोपटं फुलतं. कमरेएवढं उंच, फांद्या बऱ्याच, पानं दातेरी, आणि फांद्यांच्या टोकाला बोराएवढी जांभळी बोंडं. तीच ही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटात एका ताईने पिशवीभर वाळलेला पाला आणला. म्हणाली, "ब्रह्मदंडी आहे, सासूबाईंसाठी आणली. नदीपलीकडच्या पाहुण्यांनी दिली." पिशवीत पानांसोबत काटेरी शेंगाही होत्या. आत मोहरीसारखे काळे दाणे. ती ब्रह्मदंडी नव्हतीच. तो होता पिवळा धोतरा!

यात त्या ताईची चूक नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा तेलुगू मुलूख लागतो. तिकडे पिवळ्या धोतऱ्यालाच ब्रह्मदंडी म्हणतात. आपल्याकडची ब्रह्मदंडी वेगळी. दोन्हीकडे सोयरीक आहे, बाजारहाट आहे, म्हणून नावही इकडून तिकडे फिरतं. पण नावावर औषध घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

का, ते सांगते. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलात विष असतं. हे तेल खाण्याच्या तेलात मिसळलं गेलं की पाय सुजतात, दम लागतो, हृदय कमजोर होतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात अशी भेसळ झाली. हजारो माणसं आजारी पडली आणि ६० पेक्षा जास्त दगावली. आपण मोहरीचं तेल कमी खातो. पण घरची मोहरी निवडताना हे दाणे त्यात येऊ शकतात. ते बोटाला खरखरीत लागतात. शंका आली तर ती मोहरी खाऊ नका.

आता ओळख. तीन खुणा लक्षात ठेवा.

पहिली, देठ तोडून पाहा. पिवळा चीक आला तर तो पिवळा धोतरा. ब्रह्मदंडीला असा चीक नसतो. तोडल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका.

दुसरी, फूल पाहा. धोतऱ्याला चार ते सहा मोठ्या, पातळ, पिवळ्या पाकळ्या असतात. ब्रह्मदंडीचं फूल करडईसारखं. एका बोंडात बारीक बारीक नळ्यांची गर्दी, फक्त रंग जांभळा. बोंडाखाली केसांसारखे बारीक काटे. करडई ही तिची नात्यातलीच. करडई ओळखणारीला ब्रह्मदंडी चटकन ओळखू येते.

तिसरी, फळ पाहा. धोतऱ्याला काटेरी शेंग धरते, ती वरून उकलते. ब्रह्मदंडीला शेंग नसते. तिचं बोंडच वाळतं आणि बी त्यातच असतं.

युरोपातल्या कुरणांत याच नात्यातलं नॅपवीड नावाचं जांभळं रानफूल आहे. ते एकदा लागलं की त्याच मुळावर वर्षानुवर्षं फुटतं. आपली ब्रह्मदंडी तशी नाही. पावसाळ्यात उगवते, हिवाळ्यात वाळते. पुढच्या वर्षी येते ती फक्त बियांवर. बोंड वाळायच्या आधीच धुरा जाळला किंवा तणनाशक मारलं, तर तिथलं बी संपलं. मग फुलावर येणाऱ्या मधमाश्या आणि फुलपाखरं कुठं जातील?

म्हणून एक करून पाहा. धुऱ्याचा हातभर तुकडा राखा. बोंडं पूर्ण तपकिरी झाली की हातात जाड फडकं घेऊन चार-पाच तोडा, बाकीची तशीच राहू द्या. कागदावर चोळून बी काढा, सावलीत वाळवा, कापडी पुरचुंडीत ठेवा. मृगाचा पाऊस पडला की त्याच धुऱ्यावर, जिथं पाणी साचत नाही तिथं, वरच्यावर मातीत मिसळा. आणि जवळ पिवळा धोतरा दिसला तर शेंगा धरायच्या आधी मुळासकट उपटा.

शेवटचं सांगते. ब्रह्मदंडी ओळखली म्हणजे औषध कळलं असं नाही. काढा वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्या. घरात दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले, दम लागला, तर वापरातलं तेल थांबवा, थोडं बाटलीत घेऊन लगेच आरोग्य केंद्रात जा.

त्या ताईच्या सासूबाईंनी तो पाला घेतला नाही. आम्ही पिशवी खड्ड्यात पुरली. आता गटात कुणी झाडपाला आणला की आम्ही नाव विचारत नाही. आधी म्हणतो, "देठ मोडून दाखव!"

येते, मैत्रिणींनो. नमस्कार.