वस्तीकेंद्र आणि मुलाचे घर
(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेले व्याख्यान)



मूल शाळेत येते ते एकटे येत नाही. त्याच्या पाठोपाठ त्याचे घर येते. त्या घरातील ओढग्रस्त, तेथील बोली, आईचे कष्ट, थोरल्या बहिणीच्या कडेवरील तान्हे भावंड, हे सारे त्याच्याबरोबर शाळेच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते. उंबरठ्यावर मात्र बहुधा हे सारे बाहेर ठेवले जाते आणि मूल तेवढे आत घेतले जाते. हजेरीपटावरील नाव एवढाच मग त्याचा परिचय उरतो. शाळेने मुलाला पुढे न्यावे, हे तर खरेच. परंतु पुढे जाता जाता ते आपल्या घरापासून दुरावले, आपल्या आईबापांची त्याला लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणाची किंमत फार जबर पडते. ही किंमत टाळता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थांनी व्याख्यानांतून नव्हे, तर प्रत्यक्ष कार्यातून शोधले, त्यांत अमेरिकेतील शिकागो शहरातील ‘हल हाउस’ हे वस्तीकेंद्र अग्रगण्य होय. प्राथमिक शिक्षकांना त्याच्या इतिहासापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत अधूनमधून दानधर्मासाठी न जाता तेथे शेजारी म्हणून राहावयास जावे, ही कल्पना इ. स. १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात ‘टॉयन्बी हॉल’ या संस्थेच्या रूपाने साकार झाली. ते कार्य पाहून जेन अ‍ॅडम्स (१८६०–१९३५) या तरुण स्त्रीने तसेच घर आपल्या देशात उघडण्याचा निश्चय केला. १८ सप्टेंबर १८८९ रोजी एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह ती शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या प्रशस्त घरात राहावयास गेली. सभोवतालची वस्ती परदेशांतून पोटासाठी आलेल्या लोकांची होती. इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, रशियन व पोलिश ज्यू, पुढे ग्रीक, असे नाना देशांचे लोक तेथे दाटीवाटीने राहत. त्यांतील कित्येक खेड्यांतून आलेले. शेती, विणकाम, सुतारकाम यांत हात मुरलेले. परंतु नव्या शहरात त्या कौशल्याला मोल नव्हते आणि नवी भाषा जिभेवर बसत नव्हती. मुले मात्र शाळेत व रस्त्यावर ती भाषा भराभर शिकत होती. त्यामुळे दुकानदारापुढे आईसाठी आणि कारखान्याच्या मुकादमापुढे बापासाठी मूलच बोले. घरातील मान अशा रीतीने उलटा झाला होता.

हल हाउसचे पहिले कार्य बालवर्गाचे. दिवाणखान्यातच हा वर्ग भरू लागला. परंतु बालवर्गात येणाऱ्या मुलांहून न येणारी मुले अधिक होती आणि ती का येत नाहीत, याचा शोध घेता एक भयंकर गोष्ट नजरेस आली. दिवसभर कामावर जाणाऱ्या माता मुलांना खोलीत कोंडून कुलूप लावून जात असत. त्या शेजारात प्रथम आढळलेली तीन अपंग मुले ही तिन्ही आई कामावर असताना अपघाताला बळी पडलेली होती. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते; दुसरे भाजले होते; तिसऱ्याच्या पाठीचा कणा वाकला होता, कारण तीन वर्षे त्याला दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवले जाई. जवळच्या कारखान्यात काम करणारा थोरला भाऊ दुपारी धावत येई, त्याला सोडवी आणि आपल्या शिदोरीतील घास त्याला देई. या माता निर्दय नव्हत्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. हे ध्यानी येताच हल हाउसने पाळणाघर उघडले आणि ते सोळा वर्षे चालविले. घराला दोष देण्यापूर्वी घराची अडचण समजून घ्यावी, हा पहिला धडा त्या संस्थेला असा मिळाला.

दुसरा धडा पहिल्याच नाताळात मिळाला. सणानिमित्त मुलांना मिठाई वाटली जात असता काही लहान मुलींनी ती घेण्याचे नाकारले. चौकशी करता कळले की, त्या मिठाईच्या कारखान्यात काम करीत होत्या. सणाच्या मागणीमुळे सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत त्यांना राबावे लागले होते व मिठाईचे दर्शनही त्यांना नकोसे झाले होते. त्याच हिवाळ्यात हल हाउसच्या मुलांच्या मंडळातील तीन मुलगे एका कारखान्यातील एकाच यंत्रावर जखमी झाले आणि त्यांतील एक दगावला. थोड्या डॉलरांच्या खर्चात त्या यंत्राला संरक्षक आवरण बसविता आले असते. अशा मुलांसाठी केवळ खेळ व गोष्टी पुरेशा नाहीत, हे तेथील कार्यकर्त्यांनी ओळखले. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी वस्तीतील मजुरीची पद्धतशीर पाहणी केली. इलिनॉय राज्यात १८९३ मध्ये कारखान्यांचा कायदा झाला, चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात लावण्यास मनाई झाली आणि केली यांचीच मुख्य निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. मुलांवरील आरोपांचा विचार प्रौढ गुन्हेगारांहून निराळ्या रीतीने करणारे पहिले बालन्यायालय शिकागोत १८९९ मध्ये स्थापन झाले. त्यामागेही या घरातील स्त्रियांचे परिश्रम होते.

तरुणांसाठी काय करावे, हेही शेजाऱ्यांनीच शिकविले. एका संपाच्या प्रसंगी कामकरी मुलींनी सांगितले की, खानावळीचे व खोलीचे पैसे थकतील या धास्तीनेच त्या माघार घेतात. त्यातून त्या मुलींचे सहकारी वसतिगृह उभे राहिले व त्याचा कारभार त्याच पाहू लागल्या. मोडकळीस आलेल्या चाळी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर क्रीडांगण झाले. शिकागोतील अगदी आरंभीच्या सार्वजनिक क्रीडांगणांत त्याची गणना होते. मुलग्यांसाठी कार्यशाळा व वाद्यवृंद निघाले. पुढे क्लॅरिनेट या वाद्यासाठी जगभर ख्याती मिळविलेला बेनी गुडमन हा एका गरीब स्थलांतरित कुटुंबातील मुलगा बालपणी याच वाद्यवृंदात वाजवीत असे. पाहता पाहता १९०७ पर्यंत एका घराच्या तेरा इमारती झाल्या.

याचा अर्थ प्रत्येक कार्य सफल झाले, असा मात्र नव्हे. शेजाऱ्यांचा आहार निकृष्ट आहे असे पाहून हल हाउसने शास्त्रीय पद्धतीने स्वस्त व पौष्टिक अन्न शिजविणारे सार्वजनिक स्वयंपाकघर थाटले. अन्न निर्दोष होते, परंतु ते शेजाऱ्यांना रुचले नाही. प्रत्येकाच्या जिभेला आपल्या गावची चव हवी होती. स्वयंपाकघर अपेक्षेप्रमाणे चालले नाही. त्याला जोडून निघालेले कॉफीगृह मात्र लोकांनी आपलेसे केले, कारण तेथे बसून मनमोकळे बोलता येई. लोकांचे हित त्यांना न विचारता ठरविले, तर ते हितही त्यांना परके वाटते, हे या प्रसंगावरून दिसून येते.

तथापि शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग म्हणजे १९०० मध्ये उघडलेले ‘श्रम-संग्रहालय’. जेन अ‍ॅडम्स यांना एके दिवशी रस्त्याने जाताना एक वृद्ध इटालियन स्त्री साध्या काडीच्या चातीवर सूत काततांना दिसली. मुले ज्या कारखान्यांत राबतात तेथील यंत्रांचा उगम या म्हातारीच्या हातातील चातीत आहे, हे त्या मुलांना कोणी दाखविलेच नाही, असे त्यांच्या मनात आले. मग वस्तीतील निरनिराळ्या देशांच्या स्त्रियांना बोलावून, हातचातीपासून चरख्यापर्यंत आणि तेथून यंत्रापर्यंत सूतकताईच्या सर्व पायऱ्या ओळीने मांडण्यात आल्या. येथे या स्त्रिया तमाशाचा विषय नव्हत्या. त्या शिक्षक होत्या. ज्यांना एरवी सारे जण, त्यांची स्वतःची मुलेसुद्धा, काही ना काही शिकवीत असत, त्यांना शिकविणाऱ्याचे आसन मिळाले.

या संग्रहालयात दर शनिवारी सायंकाळी सूत कातावयास येणाऱ्या एका इटालियन स्त्रीची मुलगी त्याच वेळी हल हाउसच्या पाकवर्गास येत असे. ती आईला पुढील दाराशी सोडी आणि स्वतः वळसा घेऊन बाजूच्या दाराने आत जाई. डोक्याला रुमाल बांधणारी, ओबडधोबड बूट व आखूड घागरा घालणारी ही बाई आपली आई आहे, हे इतर मुलींना कळू नये, अशी तिची खटपट असे. एके सायंकाळी तिने पाहिले की, विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातून आलेली मंडळी आपल्या आईभोवती गोळा झाली आहेत आणि तिच्या कताईची मनापासून वाखाणणी करीत आहेत. मुलगी विचारात पडली. जेन अ‍ॅडम्स यांनी तिला तिच्या आईचे गाव, तेथील स्त्रियांचे कसब, ते सोडून येताना आईला काय वाटले असेल, हे समजावून सांगितले. पुढे पलंगाखालच्या मोठ्या पेटीत दडवून ठेवावयास लावलेली आईच्या हातची सुंदर वस्त्रे बाहेर निघाली, आणि ती मुलगी उघडपणे आईच्याच दाराने संग्रहालयात येऊ लागली.

या मुलीला कोणी आईवर प्रेम करण्याचा उपदेश केला नव्हता. तिच्या देखत तिच्या आईचा मान राखला गेला, एवढेच घडले. आणि तो मान राखणारे लोक शिक्षणक्षेत्रातील होते, हे विसरता येणार नाही. मुलाच्या दृष्टीने जगातील प्रतिष्ठेचा मापदंड शिक्षकाच्या हाती असतो. शिक्षक ज्याला नमस्कार करतो तो मोठा, आणि ज्याच्याकडे पाहत नाही तो क्षुद्र, असा हिशेब मूल न सांगता मांडीत असते.

महाराष्ट्रालाही ही परंपरा अपरिचित नाही. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा या दाट वस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे वस्तीकेंद्र उघडले. त्याचे संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था तेथे सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. आणि शहरापासून दूर, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचे मूळ शिकागोत नसले तरी त्याचा न्याय तोच होता. आदिवासी मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ हे नाव दिले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविली. घराची अडचण ही गैरहजेरीची सबब न मानता ती शाळेच्या रचनेचा पाया मानली गेली.

जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी तेरा इमारती नसतील, बहुधा एक व्हरांडा आणि एक अंगण असेल. परंतु गावात किंवा वाडीत सर्वांची म्हणता येईल अशी जागा पुष्कळ ठिकाणी तेवढीच असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवून दिले आहे. ही तरतूद सह्यांपुरती ठेवावयाची की त्या पालकांना शाळेत खरे आसन द्यावयाचे, हे शिक्षकाच्या वृत्तीवर अवलंबून आहे. टोपली विणणाऱ्या बुरुडाला वर्गात बोलावून पट्ट्यांची मोजणी त्याच्याकडूनच शिकविता येईल. गोधडी शिवणाऱ्या आजीच्या टाक्यांत भूमितीच्या आकृती सापडतील. ऊसतोडीहून परतलेल्या बापाला भूगोलाच्या तासाला पाहिलेले जिल्हे सांगता येतील. मात्र हे वर्षातून एकदा, पाहुण्यांपुढे, छायाचित्रासाठी केले गेले तर त्याचे प्रदर्शन होईल, शिक्षण होणार नाही. त्या व्यक्तीला खुर्ची द्यावी, तिचे नाव फळ्यावर लिहावे, मुलांनी तिला प्रश्न विचारावेत आणि शिक्षकानेही त्या वेळी विद्यार्थी व्हावे. सायंकाळी शाळेची खोली तरुणांच्या वाचनासाठी वा भजनासाठी उघडावयाची झाल्यास काय हवे ते त्यांनाच विचारावे. नाही तर त्या निर्दोष स्वयंपाकघरासारखी गत व्हावयाची.

जेन अ‍ॅडम्स यांना १९३१ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक विभागून मिळाले. १९६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी हल हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. मूळ घर व भोजनगृह तेवढे संग्रहालय म्हणून राखले आहे. त्या नावाने कार्य करणारी संस्थाही आर्थिक अडचणीमुळे २०१२ मध्ये बंद झाली. संस्थेचे आयुष्य असे मर्यादित असते. परंतु पाळणाघर, क्रीडांगण, बालन्यायालय यांसारख्या ज्या गोष्टी एके काळी नवलाच्या होत्या, त्या आज समाजाच्या नित्य कर्तव्यांत मोडतात.

शिक्षकाला रोज करता येण्याजोगे त्यातील एक कार्य तर पैशावाचूनही होणारे आहे. मुलाला पोहोचविण्यास आलेली आई पुष्कळदा फाटकाशीच थबकते. पायांत वहाण नाही, बोलणे शुद्ध नाही, म्हणून आत यावयास ती कचरते. तिचे मूल त्या वेळी शिक्षकाकडे पाहत असते. शिक्षकाने दोन पावले पुढे होऊन तिला नावाने व आदराने आत बोलाविले, तर त्या दिवसाचा पहिला पाठ तेथेच पुरा होतो.