सव्वा शेराची नात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भजनात मी वीस वर्षे टाळ वाजवते आहे, दिवाळीच्या फराळाला चकलीचा सोऱ्याही माझ्याच हाती असतो. परंतु व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमच्या नातीची हकीकत सांगा, पुष्कळजणींना उपयोग होईल." प्रथम मी नाही म्हटले. कारण ती हकीकत खरी सांगायची तर तीत माझी चूक सांगावी लागते, आणि चूक वगळून सांगायची तर सांगण्यात अर्थ नाही. अखेर सूनबाईलाच विचारले. ती म्हणाली, "आई, सांगा तुम्ही." म्हणून उभी राहिले आहे.

गोष्ट २०२२ सालच्या जुलै महिन्यातली. सूनबाईला तिसावा आठवडा चालू होता. डोहाळजेवणाला कोणाकोणाला बोलवायचे याची यादी मी करीत होते. दोन दिवस तिचे डोके दुखत होते, चेहरा आणि हात सुजल्यासारखे दिसत होते. मी म्हटले, "दिवसांत सूज येतेच. आम्हाला नव्हती का आली?" आणि सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लेप लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "डोळ्यांपुढे काजवे चमकतात." तेव्हा मुलाने धावत जाऊन रिक्षा आणली.

रुग्णालयात रक्तदाब मोजला, तो १७० च्या वर. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "डोके केव्हापासून दुखते आहे?" सूनबाईने एकवार माझ्याकडे पाहिले आणि "दोन दिवस" एवढेच उत्तर दिले. सुंठेचे नाव तिने काढले नाही.

आई आणि बाळ दोघांचाही जीव राखायचा तर बाळाला बाहेर काढणे भाग आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून सूनबाईला इंजेक्शने दिली, आणि दुसऱ्या रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली. वजन १,१७० ग्रॅम. माझ्या आईच्या काळच्या मापात सांगायचे तर सव्वा शेर. बाजारातून आपण एका वेळी याहून जास्त कांदे आणतो.

तिला लागलीच अतिदक्षता विभागात नेले. मी तिला पाहिले ते दुसऱ्या दिवशी, कोपरापर्यंत हात धुऊन, काचेच्या पेटीतून. पाऊल माझ्या अंगठ्याएवढे. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. नाकाला नळ्या, पोटात जाणारी एक नळी तोंडातून, छातीला तारा. पेटीवरच्या कार्डावर नाव नव्हते. "अमुक यांचे बाळ" एवढेच लिहिलेले. मला रडूही आले नाही. घाबरलेल्या माणसाला कोणावर तरी रागवायला हवे असते. मी वर खोलीत गेले आणि, टाके ओले असलेल्या त्या मुलीला म्हणाले, "सातव्या महिन्यात लोकलचे धक्के खात कचेरीत जायची काय गरज होती? जपायला नको होते का?"

ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली.

भगिनींनो, त्या पेटीत काय चालते ते थोडे सांगते, म्हणजे उगाच भीती वाटणार नाही. सदतिसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. अशा मुलाला श्वास घेता येतो, पण तो पुरत नाही. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडला की मिटून जातात. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, तो साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंच्या वर होते, म्हणजे आमच्या बाळाच्या जवळजवळ दुप्पट. तरीही याच विकाराने तो ३९ तासांत गेला. घरात सत्ता होती, पैसा होता, पण उपाय त्या काळी नव्हता. आज नाकातून हलक्या दाबाने हवा देऊन ते फुगे उघडे ठेवतात, आणि जरूर पडली तर ते मिटू न देणारे औषधही नळीने फुप्फुसात सोडतात. आमच्या बाळाला नुसत्या हवेवर निभावले.

पण यंत्र श्वास देईल, दूध कोठून देणार? डॉक्टरांनी बजावले होते की अशा नाजूक आतड्यांना आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही. मध नाही, घुटी नाही, पाण्याचा थेंबही नाही. मी घरून चांदीच्या वाटीत मध घेऊन गेले होते, तो तसाच परत आणला. सूनबाई दर तीन तासांनी दूध काढायला बसे. पहिल्या दिवशी वाटीचा तळही ओला झाला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. ती वाटीकडे बघत राही आणि मी तिच्याकडे.

तोवर बाळाला मातृदुग्धपेढीतले दूध देऊ लागले, एका वेळी दोन मिलिलिटर. ही सोय आपल्याकडे नवी नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. दूध देणाऱ्या बाईची रक्ततपासणी करतात, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, मग गोठवून ठेवतात. हे सगळे सिस्टरने मला समजावून सांगितले. तरी मी विचारलेच, "पण हे दूध कोणाच्या घरचे?" तिने हातातले काम न थांबवता उत्तर दिले, "आईचे आहे, आजी." पुन्हा विचारण्याचे मला धाडस झाले नाही.

सहावी रात्र आली. आपल्याकडे त्या रात्री सटवाई बाळाचे भविष्य लिहिते म्हणतात. घरी असते तर कोरा कागद आणि लेखणी ठेवली असती. इथे पेटीजवळच्या स्टुलावर बसून होते. पहाटे दोनच्या सुमारास यंत्र जोराने वाजू लागले. बाळाची छाती हलत नव्हती. रंग काळसर पडू लागला. सिस्टर आली, पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि बाळाच्या तळव्यावर दोन टिचक्या मारल्या. बाळाने आळस दिल्यासारखे केले आणि श्वास घेतला. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा मेंदू कधी कधी श्वास घ्यायचा विसरतो, असे तिने मला सांगितले, आणि वहीत वेळ घालून नोंद केली. सटवाईने काय लिहिले ते मला ठाऊक नाही. सिस्टरने लिहिलेले मी वाचले : श्वास थांबला, स्पर्शाने पुन्हा सुरू.

सकाळी मी डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठले आणि विचारले, "हे नोकरीच्या दगदगीने झाले का?" त्या म्हणाल्या, "नाही. या रक्तदाबाचे मूळ वारेत असते. चालण्याने, बसण्याने, लोकलने तो होत नाही. तिने काही चुकीचे केलेले नाही." मग मीच सांगितले, "दोन दिवस डोके दुखत होते, मी सुंठ लावली." त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "सुंठेने नुकसान झाले नाही, आजी. उशीर झाला. पण आणखी एक दिवस गेला असता तर काय झाले असते, सांगता येत नाही." आणि जाता जाता म्हणाल्या, "तिला स्वस्थ ठेवा. मनावर भार असला की दूध उतरायला वेळ लागतो."

सासूने सुनेची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाही. मी मागितली. मांडणी काही केली नाही. "माझे चुकले, तुझे नाही" एवढेच म्हटले. ती पुष्कळ रडली. तेव्हापासून दूध काढायच्या पंपाचे भाग धुणे, उकळणे, बाटलीवर तारीख-वेळ घालून खाली पोचवणे हे काम माझे झाले. चार दिवसांत वाटी भरू लागली. हे माझ्या दोन शब्दांनी झाले असे मी म्हणणार नाही. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, ती उठत होती, हेच त्याचे खरे कारण.

पुढचा उपाय ऐकून आपणांस नवल वाटेल. बाळाला निव्वळ लंगोट, टोपी व मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून कापडाने बांधायचे. कांगारूच्या पिशवीवरून त्याला नाव पडले. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी हा प्रयोग केला, तो पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. पण गरजेपोटी निघालेली युक्ती पेटीच्याही पुढे गेली. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांनी एक किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतल्या तीन हजारांहून अधिक बाळांवर अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांत २८ दिवसांच्या आत दगावणारी शंभरात १२ होती. एरवी ती सुमारे १६ असत.

दहाव्या दिवशी सूनबाईचा रक्तदाब पुन्हा चढला आणि तिला उठायची मनाई झाली. मुलगा औषधांसाठी बाहेर गेलेला. सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्ही या. वडील, आजी, कोणीही चालते." चौसष्टाव्या वर्षी, डॉक्टर मंडळी ये-जा करतात अशा जागी पोलक्याची बटणे सोडायची! मी पदर घट्ट धरून बसले. तिने पडदा ओढला आणि बाळ माझ्या छातीवर ठेवले. वजन असे जाणवलेच नाही, नुसती ऊब जाणवली. थोड्या वेळाने सिस्टरने यंत्राकडे बोट दाखवले. प्राणवायूचा आकडा ९० वरून ९६ वर गेला होता. दोन तास मी पापणी हलवली नाही.

वजन आधी उतरून १,०५० वर गेले होते. असे पहिल्या दिवसांत होतेच. पंधराव्या दिवशी ते जन्माच्या वजनावर आले. नंतर निळ्या प्रकाशाखालची काविळही गेली, नाकाच्या नळ्याही निघाल्या. एके दिवशी सिस्टरने दूध पाजायला काय काढावे? बोंडले! माझ्या आईच्या पेटीत होते तसेच, फक्त हे उकळून घेतलेले. इतक्या दिवसांत त्या खोलीत मला ओळखीची वाटलेली ती पहिली वस्तू. ४६ व्या दिवशी १,८५० ग्रॅमची नात घरी आली. बारसे तेव्हा केले.

आता मागणे. पहिले, गरोदर मुलीचे डोके दुखले, डोळ्यांपुढे चमकले, तोंड-हात सुजले तर लेप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. दुसरे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे जन्मापासून चार आठवड्यांत तपासून घ्यावे लागतात. पडद्याचा विकार वेळेवर सापडला तर दृष्टी वाचते. बाळ दिसायला ठणठणीत आहे म्हणून ती तारीख चुकवू नका. तिसरे, ज्यांच्या लेकीसुनांना दूध उदंड आहे त्यांनी पेढीत द्यावे. आमच्या सूनबाईने पुढे तीन महिने दिले. ते कोणाच्या घरी गेले हे आम्ही विचारले नाही.

आणि शेवटचे. अशा घरी भेटायला गेलात तर वजन विचारू नका, "काय जपले नाही" हे तर मुळीच विचारू नका. त्या बाईने ते स्वतःला हजार वेळा विचारलेले असते. आपल्याच मंडळाच्या एक भगिनी त्या दिवसांत रोज आमच्या दाराला डबा अडकवून, बेल न वाजवता जात. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि तेवढाच आधार मला पुरला.

नात यंदा बालवाडीत जाऊ लागली आहे. मघापासून तिसऱ्या रांगेत जी खुर्ची वाजवते आहे, ती तीच. तिला गप्प करू नका. तिचा आवाज ऐकण्यासाठी आम्ही पुष्कळ दिवस थांबलो होतो.