शरदांतील मोजकीं वस्त्रें



भाद्रपद सरत आला कीं आपल्याकडील कपड्यांच्या कपाटाची मोठी विचित्र अवस्था होते. उन्हाळ्यांतील मलमली कपडे वरच्या कप्प्यांत गेलेले असतात. पावसाळ्यांत वापरलेले, झटपट वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे अजून हाताशींच असतात. गौरी-गणपतींच्या निमित्तानें बाहेर काढलेल्या भरजरी साड्या पुनः घडी होण्याची वाट पाहात पडलेल्या असतात, आणि दसरा-दिवाळीच्या खरेदीची चाहूल तर आधींच लागलेली असते. कपाट ओसंडून वाहतें, आणि तरीहि सकाळीं कामावर निघतांना आज काय नेसावें हा प्रश्न कांहीं सुटत नाहीं. या ऋतूसाठीं थोडे, एकमेकांशीं जमणारे, अंगाला सुखकर आणि चारचौघांत शोभणारे कपडे कसे निवडावे, याविषयीं आज कांहीं विचार आपणांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

अशा मोजक्या संग्रहास हल्लीं ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ असें नांव पडलें आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत लंडनमध्यें वस्त्रांचें दुकान चालविणाऱ्या सुझी फो या बाईंनीं ही कल्पना लोकप्रिय केली. पुढें १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनीं एकमेकांत मिसळून वापरावयाच्या सात कपड्यांचा संच बाजारांत आणला, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांनीं तो उचलून धरला. कल्पना उत्तम आहे. परंतु तिच्याबरोबर येणाऱ्या याद्या मात्र आपल्या कामाच्या नाहींत. तिकडे शरद म्हणजे पानगळ आणि थंडीची नांदी. लोकरी स्वेटर, गुडघ्यापर्यंतचा कोट, गळ्याभोंवतीं गुंडाळावयाचा रुमाल, हे सारे त्या यादींत असावयाचेच. आपल्याकडे शरद म्हणजे ऊन. तत्त्व त्यांच्याकडून घ्यावें. यादी मात्र आपल्या आकाशाकडे पाहून करावी.

तें आकाश या दिवसांत कसें असतें? हवामान खात्यानें २०२० सालीं मान्सूनच्या परतण्याच्या तारखा नव्यानें ठरविल्या. त्यांनुसार मुंबईहून पावसानें निघण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर ही आहे. म्हणजे नवरात्राच्या सुमारास ढग पुरते हटलेले नसतात, आणि ऊन तर पूर्ण तेजानें उतरलेलें असतें. भुईंत मुरलेलें पाणी वर येऊं लागतें, आणि ज्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतों तो उकाडा सुरू होतो. पुण्यांत ऑक्टोबरांतील दुपार सरासरीनें ३२ अंशांच्या आसपास तापते आणि पहाट २० अंशांच्या जवळ उतरते. सकाळीं धुकें, दुपारीं घाम, कचेरींत वातानुकूलित यंत्राची थंडी, आणि घरीं परततांना एखादी अवचित सर, असे एकाच दिवसांत चार ऋतु अंगावरून जातात. चरकसंहितेंतील ऋतुचर्येमध्यें शरद हा पित्ताच्या प्रकोपाचा काळ सांगितला आहे. त्यांत ज्या थोड्या गोष्टींची प्रशंसा आहे त्यांत निर्मळ वस्त्रांचा समावेश आहे. उंची वस्त्रें नव्हेत, निर्मळ! घामाच्या दिवसांत रोज धुतां येईल तेंच वस्त्र खरें, हा व्यवहार त्या शब्दांत मला दिसतो.

म्हणून पहिला विचार कापडाचा. सर्वसाधारण दमट हवेंत शंभर ग्रॅम कोरडें सूत सुमारें ८.५ ग्रॅम बाष्प स्वतःमध्यें सामावून घेतें. रेशीम ११, आणि जवसाच्या झाडाच्या धाग्याचें लिनन सुमारें १२ ग्रॅम घेतें. पॉलिएस्टर मात्र अर्धा ग्रॅमहि घेत नाहीं. पावसाळ्यांत हाच त्याचा गुण असतो, कारण जें पाणी पीत नाहीं तें लवकर वाळतें. आश्विनांत तोच दोष होतो. घाम कापडांत न शिरतां अंगावरच राहातो. तेव्हां पावसाळी कपडे बाजूला ठेवून सुती आणि लिननचे कपडे पुढें आणणें, ही या ऋतूंतील पहिली पायरी. जाड खादी मात्र अजून नको. ती चांगली खरी. परंतु परतीच्या पावसांत एकदां भिजली कीं दुसऱ्या दिवशींहि वाळत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतें. थोड्या कपड्यांत भागविण्याची ही कला आपल्याला परकी आहे काय? आपल्या आज्या-पणज्यांच्या पेट्या आठवून पाहा. लुगड्याच्याच रंगाची चोळी असली पाहिजे असा दंडक त्या काळीं नव्हता. उलट चोळीचा रंग निराळा असण्यांतच शोभा मानीत. बागलकोट जिल्ह्यांतील गुळेदगुड्ड येथें विणला जाणारा खण घरोघर येई. त्या अरुंद, चमकदार कापडाची एकच चोळी इरकलीवर चाले, काळ्या चंद्रकळेवर चाले, आणि सणाच्या लुगड्यावरहि चाले. कांठांतील एखादा धागा खणांतील रंगाशीं मिळाला कीं पुरे होई. लुगडीं चार आणि चोळ्या तीन असल्या तरी बाईचें रूप बारा दिवस पालटत राही. लंडन-न्यूयॉर्कच्या बायांनीं जें शिकविलें तें यापेक्षां फारसें निराळें नाहीं.

मग कपाटें फुगलीं कशानें? माझ्या मतें त्यास मुख्य कारण आहे ‘मॅचिंग’. साडी घेतली कीं तिच्याच रंगाचा ब्लाऊज, त्याच रंगाचा परकर. आणि हल्लीं तर ब्लाऊजचें कापड साडीलाच जोडून येतें, त्यामुळें विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. दहा साड्यांस दहा ब्लाऊज आणि दहा परकर! प्रत्येक जोडी आपापल्या खोलींत कडी लावून बसलेली. अंग थोडें भरलें आणि एक ब्लाऊज घट्ट झाला, तर त्याच्याबरोबर चांगली धडधाकट साडीहि पेन्शनींत जाते. शिवणावळ आजकाल कित्येकदां सुती साडीच्या किंमतीला येऊन भिडते, हा खर्च निराळाच. ही कडी काढली पाहिजे. साडीबरोबर आलेलें ब्लाऊजचें कापड तसेंच घडी करून ठेवावें, नाहीं तर त्याची उशीची खोळ शिवावी; पण तें शिवून घेण्याची सक्ती स्वतःवर लादूं नये.

उदाहरणादाखल नोकरीस जाणाऱ्या एका गृहिणीची निवड करून पाहूं. तिनें चार साड्या घ्याव्या, किंवा खरें सांगावयाचें तर आहेत त्यांतूनच निवडाव्या. एक राखी अंगाची इरकल. तिचें अंग सुती आणि पदर रेशमी असतो, त्यामुळें ती कचेरींत साधी आणि समारंभांत भारदस्त दिसते. एक मोतिया रंगाची मंगळगिरी. अंग कोरें, कांठ जरीचा आणि वीण घट्ट. एक गर्द निळी सुती, हातमागाची. आणि चौथी महेश्वरी, जिच्यांत उभा धागा रेशमाचा व आडवा सुताचा असल्यामुळें ती वजनाला अगदीं हलकी, तरी दिसावयास नीटनेटकी असते. बैठक असेल किंवा संध्याकाळीं कोणाकडे जावयाचें असेल त्या दिवशीं ही नेसावी. यांबरोबर चार ब्लाऊज असावेत: काळा, डाळिंबी, मोरपिशी, आणि एक खणाचा. कसोटी एकच. प्रत्येक ब्लाऊज प्रत्येक साडीवर ठेवून आरशापुढें उजेडांत पाहावा. जो एकाच साडीवर शोभतो तो या संग्रहांत नको, मग तो कितीहि सुरेख असो. परकर दोन पुरेत, एक गडद आणि एक फिकट. या जोडीला तीन सुती कुडते आणि घोट्याच्या वर राहाणाऱ्या दोन विजारी घेतल्या, कीं संग्रह पुरा झाला. साड्यांचीं सोळा रूपें, कुडत्यांचीं सहा, मिळून बावीस. आठवड्यास पांच दिवस कामाचे धरले तर महिन्याचे कामाचे दिवसहि जवळ जवळ तितकेच भरतात.

ब्लाऊज तीन का नकोत, असें कोणी विचारील. या दिवसांत ब्लाऊज रोज धुवावाच लागतो, आणि एखाद्या ढगाळ दिवशीं तो वेळेवर वाळत नाहीं. चौथा आहे तो त्यासाठीं. कचेरींतील थंडीसाठीं एक पातळ सुती शाल पिशवींत असावी. कोल्हापुरी चपला मात्र पाऊस पुरता जाईपर्यंत काढूं नयेत. तें चामडें एकदां भिजलें कीं आपला आकार सोडतें.

नीटनेटकेपणा किंमतींत नसतो, हें आपण सर्वजणी जाणतों, पण दुकानांत शिरल्यावर विसरतों. सुती साडी गबाळी दिसते ती बहुधा तीन कारणांनीं. एक, फॉल लावण्यापूर्वीं तो भिजवून आटवून घेतलेला नसतो. पहिल्या धुण्यांत फॉल आटतो आणि साडीची खालची कड चुण्या घालून वर ओढली जाते. दोन, कांजी फार घट्ट घातलेली असते. त्यानें साडी पहिला तासभर कडक दिसते, मग जेथें मोडते तेथें मोडूनच राहाते, आणि कापडांतून वारा खेळत नाहीं तो निराळाच. पातळ कांजी आणि थोडी ओल असतांना केलेली इस्त्री, एवढें पुरतें. तीन, ब्लाऊजचा खांदा. ब्लाऊज कापडानें नव्हे, खांद्यानें शोभतो. नवीन साडीवर जो खर्च करावयाचा त्यांतील थोडा चांगल्या शिंप्याकडे जुना ब्लाऊज खांद्यांत दुरुस्त करून घेण्यास लावला, तर फळ अधिक मिळतें. गडद निळ्या रंगाचे नवे कपडे पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळे धुवावे आणि उलटे करून सावलींत वाळवावे, हेंहि जातां जातां सांगतें.

ही निवड करावयाची केव्हां? त्याला पितृपक्षासारखा काळ नाहीं. या पंधरवड्यांत नवीन वस्त्र न घेण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. चालीमागील श्रद्धेविषयीं ज्याचें त्याचें मत असो. पण दुकानाची वाट बंद असलेले हे पंधरा दिवस कपाट रिकामें करण्यास फार सोयीचे आहेत. सारें बाहेर काढावें, उन्हांत ठेवावें, अंगावर घालून पाहावें. काय आहे आणि काय खरोखरच नाहीं, हें त्यावेळीं समजतें. मग दसऱ्याला जी एक वस्तु घ्यावयाची ती उणीव भरून काढणारी होते. पांचवी निळी साडी होत नाहीं.

या ठिकाणीं नवरात्राच्या नऊ रंगांचा उल्लेख केल्यावांचून राहावत नाहीं. रोजचा ठराविक रंग नेसण्याची ही प्रथा पुरातन नाहीं. या शतकांत वर्तमानपत्रांनीं ती रूढ केली. मला ती आवडते. सकाळच्या लोकलगाडींत अख्खा डबा एका रंगाचा झालेला पाहून कोणाचें मन प्रसन्न होणार नाहीं? प्रश्न एवढाच आहे कीं त्यापायीं नऊ स्वस्त साड्या घ्यावयाच्या, त्याहि पॉलिएस्टरच्या, ऐन उकाड्यांत नेसावयाच्या आणि पुढच्या नवरात्रापर्यंत रंगांचा क्रम बदललेला पाहावयाचा, हें कशासाठीं? ज्या गृहिणीला महिन्याच्या पगारांतून मुलांची फी आणि घराचा हप्ता भरावयाचा आहे तिला हा आनंद महाग पडतो, आणि मैत्रिणींत आपणच वेगळ्या दिसूं या संकोचानें ती तो विकत घेते. ब्लाऊजचा रंग, कांठाचा रंग, एखादी ओढणी, केंसांतील फूल, यांतूनहि त्या दिवसाचा रंग पुरता साधतो. मोरपिशी ब्लाऊजवाल्या बाईस त्या दिवशींच्या रांगेंतून कोणी बाहेर काढल्याचें ऐकिवांत नाहीं.

पुरुष श्रोत्यांसाठीं दोनच शब्द. आपला प्रश्न सोपा आहे. चार सुती किंवा लिननचे सदरे, राखी आणि गडद निळी अशा दोन विजारी, आणि सणासाठीं एक कुडता यांत शरद सहज निभावतो. विजारीचा कंबरपट्टा आणि पायांतील बूट एका रंगाचे ठेवले तर घरांतल्या मंडळींना आपल्यामागें हांका माराव्या लागणार नाहींत!

उरल्या त्या रेशमी आणि जरीच्या साड्या, ज्या या महिन्यांत नेसावयाच्या नाहींत. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटांत दमटपणा साठलेला असतो, आणि बुरशीचे ठिपके याच दिवसांत उमटतात. या साड्यांना ऊन थेट देऊं नये. सावलींत, वारा लागेल अशा ठिकाणीं तासभर पसराव्या. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटूं देऊं नयेत. साडी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळावी आणि ठेवतांना आधींची घडी मोडून दुसऱ्या जागीं नवी घडी घालावी, म्हणजे जर एकाच रेषेवर तुटत नाहीं. हें काम एका दुपारचें आहे. मदतीस घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी असली तर साडीचीं दोन टोकें धरण्यास बरें पडतें.