आपण काय विकतो, की आपल्याला काय येतं?



आपल्या बॅचमध्ये कुणी दुकान सांभाळतंय, कुणी वर्कशॉप, कुणी शेती. प्रत्येकाच्या गाठीशी वीसेक वर्षांचा अनुभव आहे. पण या अनुभवाची सवय कधी होते ते कळत नाही, आणि मग समोरची संधीही दिसत नाही.

कोडॅकचंच बघा. १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा तयार केला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे विकलेही. पण नफा फिल्ममध्ये होता, म्हणून विचारही फिल्मभोवतीच फिरत राहिला. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

फुजीफिल्मचा धंदाही तोच होता. त्यांनी मात्र आपल्याला काय काय येतं, ते तपासलं. फिल्ममधलं जिलेटिन कोलॅजेनपासून बनतं, आणि फोटोचे रंग विटू नयेत म्हणून ऑक्सिडेशन रोखावं लागतं. त्वचेलाही या दोन्ही गोष्टी लागू पडतात. २००७ मध्ये त्यांनी सौंदर्यप्रसाधनं बाजारात आणली!

हा प्रश्न आज माझ्याही दारात आहे. कोड आता यंत्रंही लिहू लागली आहेत. ‘मी कोड लिहिते’ एवढंच म्हटलं तर धास्ती वाटते. ‘लोकांचं काम कुठे अडतं ते मला ओळखता येतं’ असं म्हटलं, की पुढचे रस्ते दिसू लागतात.

ते ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. कुठल्याही ऑफिसात गेले, की मी कॉम्प्युटरशेजारची वही शोधते. महागडं सॉफ्टवेअर असूनही लोक काहीतरी हातानं लिहून ठेवतात, कारण ती गरज सॉफ्टवेअर भागवत नाही. रोज बघून बघून त्या वहीचं कुणालाच काही वाटत नाही. नवी संधी बहुतेक वेळा त्या वहीतच असते.

तुमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला, तर पहिल्याच आठवड्यात त्याला विचारा, “इथं तुला काय विचित्र वाटतं?” महिन्याभरात तोही आपल्यासारखाच सरावेल.

आणि आज जेवताना एकमेकांच्या धंद्यातली अशी एक तरी ‘वही’ शोधूया. वर्गात दुसऱ्याच्या वहीत डोकावलं की ओरडा बसायचा; आज बाईंची आणि सरांची परवानगी आहे, असं मी धरून चालते.