बाग सगळ्यांची

बागेच्या फाटकाशी मोटारसायकली अडवायला रोवलेले लोखंडी खांब अनेकदा चाकाची खुर्चीही अडवतात. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, ही जबाबदारी 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासनावर टाकली आहे.

उपाय साधे आहेत. खांबांमध्ये किमान 90 सेंटिमीटर अंतर ठेवावं. 1 फूट चढायला 12 फूट लांबीचा उतार आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. वाट खडीची नको, घट्ट आणि सपाट हवी. दृष्टिहीनांसाठी उठावाच्या फरशा आणि ब्रेल फलक असावेत. बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीपुरती मोकळी जागा सोडावी.

हाच उतार आजीआजोबांना आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईलाही सोयीचा ठरतो. बाग सगळ्यांची आहे, म्हणून तिची वाटही सगळ्यांना मोकळी हवी.