घरातल्या डबीची कडी



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक मावशी मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरानं घरात नेटची डबी बसवलीया. काल झाडताना हातात घेतली, तर खाली एक चिठ्ठी चिकटवलेली. म्या ती वाचली. अक्षरं समदी लागली, पर अर्थ लागंना."

ती अक्षरे त्यांनी वहीत उतरवून आणली होती. इंग्रजी अक्षरे, वेडीवाकडी, पण एकही चुकलेले नव्हते. मला फार आनंद झाला. मग मी वहीत नीट पाहिले आणि विचारले, "मावशी, ही वही आणखी कुणाला दाखवलीत का?"

"दाखवली की! साऱ्या वर्गानं बघितली."

आता काय बोलावे? मावशींच्या त्या पानावर त्यांच्या घराच्या दोन किल्ल्या लिहिलेल्या होत्या, आणि त्या साऱ्या वर्गाने पाहिल्या. तुम्ही सगळे घरचेच आहात, म्हणून बरे. पण त्या दिवशीच ठरवले की आज याच डबीवर बोलायचे.

या डबीला राऊटर म्हणतात. खांबावरून एक काळी तार घरात येते. हल्ली बहुतेक ठिकाणी त्या तारेत तांबे नसते, केसासारखा बारीक काचेचा धागा असतो, आणि त्यातून उजेडाच्या रूपाने बातमी धावत येते. तार भिंतीपाशी संपते. तिथून पुढे तुमच्या मोबाइलपर्यंत तार नाही. ते काम डबी करते. ती रेडिओसारख्या लहरी सोडते, मोबाइल त्या झेलतो, आणि मोबाइलने सोडलेल्या लहरी डबी झेलते. यालाच वाय-फाय म्हणायचे.

आता ही गोष्ट ध्यानात घ्या. लहरीला उंबरठा कळत नाही. भिंत ओलांडून ती गल्लीत जाते, शेजाऱ्याच्या अंगणात जाते, पारावर बसलेल्या माणसापर्यंत जाते. तुम्ही घराला कुलूप लावा, खिडक्या लावा, ती जायची तेवढी जाणारच. म्हणून तिला निराळी कडी लागते. कडी म्हणजे पासवर्ड, परवलीचा शब्द. तो ज्याला माहीत, त्यालाच डबी आत घेते.

तुम्ही म्हणाल, "वापरलं कुणी थोडं नेट, तर काय बिघडलं? पाणी मागितलं तर आपण नाही म्हणतो का?" आपल्या लातूरकराला पाण्याची किंमत सांगायला नको. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा आपण ते वाटूनच प्यालो. पण पाण्याच्या तांब्यावर तुमचे नाव लिहिलेले नसते. नेटच्या जोडणीवर ते असते. कंपनीच्या दप्तरात तुमचे नाव, तुमचे आधार कार्ड, तुमचा पत्ता. त्या जोडणीवरून जे बाहेर जाईल, ते तुमच्या दारातून गेले असे धरले जाते.

आपल्याच महाराष्ट्रात घडलेली गोष्ट सांगतो.

२६ जुलै २००८ चा दिवस. अहमदाबाद शहरात संध्याकाळी एकामागून एक बॉम्ब फुटले. दवाखान्यातसुद्धा फुटले. ५६ माणसे गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी बातम्यांच्या वाहिन्यांना एक ई-मेल, म्हणजे संगणकावरून पाठवलेले पत्र, आले होते. त्यात धमकी होती. पत्र कोणत्या जोडणीवरून निघाले, याचा पोलिसांनी माग काढला. माग कुठे लागला? नवी मुंबईत, सानपाड्याला. एका अमेरिकन गृहस्थाच्या भाड्याच्या घरात.

पोलीस त्याच्या दारात आले. संगणक तपासायला नेले. त्या माणसाची किती वेळा विचारपूस झाली! वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्याचे नाव गाजले. पुढे उलगडा झाला की त्याच्या घरच्या वाय-फायला धड कडीच नव्हती. दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या लहरी धरून ते पत्र धाडले होते. त्याच्यावर खटला झाला नाही. पण तोवर बायकापोरांसह त्या घराने काय भोगले असेल, याचा विचार करा. पुढच्या दोन महिन्यांत अशीच आणखी पत्रे मुंबईतून निघाली. एक माटुंग्याच्या एका कॉलेजच्या जोडणीवरून, एक चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून. तिथल्या लोकांनाही त्याचा पत्ता नव्हता.

मग २००९ च्या जानेवारीत मुंबईच्या पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधत रस्त्यांवरून फिरायचे ठरवले. उघडी कडी दिसली की मालकाला ताकीद. रस्त्यावर उभे राहून ती दिसते कशी? कारण लहर रस्त्यावर येते. मघाशी सांगितले तेच.

हे झाले मोठ्या शहरातले. आता माझीच फजिती ऐका.

आमच्या घरी डबी बसली तेव्हा जोडणी करणाऱ्या मुलाने पासवर्ड ठेवला एक ते आठ आकडे, ओळीने. म्हणाला, "लक्षात राहतंय, सर." मीही म्हटले, बरे झाले. थोड्याच दिवसांत आमच्या भिंतीला लागून असलेल्या पारावर पोरांची गर्दी व्हायला लागली. मला वाटले, गावात एकोपा वाढला! संध्याकाळी आमच्या घरात मात्र नातीचा अभ्यासाचा व्हिडिओ अडकून अडकून चाले. एके दिवशी तर आमचे वाय-फायच दिसेना. यादीत माझ्या डबीच्या जागी नवेच नाव आले होते, 'पाव्हणं जेवलाव का'. पारावरून एक पोरगे मला विचारते, "सर, काय करलालाव? नेट बंद हाय का?" कुणीतरी माझ्याच घराची कडी बदलून मला बाहेर काढले होते. आज हसू येते. त्या दिवशी आले नव्हते.

हे कसे झाले? डबीला किल्ल्या दोन असतात, आणि मला एकच माहीत होती. आपले जुने वाडे डोळ्यांपुढे आणा. एक दिंडी दरवाजाची कडी. ती काढली की माणूस वाड्यात येतो. दुसरी कारभाऱ्याच्या कमरेची किल्ली. ती ज्याच्या हाती, तो वाड्याची कुलुपेच बदलू शकतो. डबीचेही तसेच आहे. वाय-फायचा पासवर्ड ही दिंडीची कडी. आणि डबीच्या सेटिंगच्या पानावर जाण्याचा पासवर्ड ही कारभाऱ्याची किल्ली. ही दुसरी किल्ली बऱ्याच डब्यांत कारखान्यातून येते तशीच राहते. नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन'. साऱ्या जगाला ठाऊक! माझ्या डबीचीही तशीच होती. मावशींच्या वहीत हीच दोन्ही लिहिलेली होती.

आता करायचे काय, ते सांगतो. घाई करू नका. घरातल्या शिकलेल्या मुलाला, सुनेला शेजारी बसवा, पण वाचा तुम्ही.

मोबाइल आधी आपल्या डबीच्या वाय-फायला जोडा. मग ज्या पानावर आपण काही शोधतो, त्याच्या वरच्या पट्टीत डबीचा पत्ता टाका. तो चिठ्ठीवर असतो. पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा, कुठे शेवटचे आकडे वेगळे. आकडे इंग्रजीत टाकायचे आणि मधले टिंब विसरायचे नाही. डबीचे पान उघडते. ते पान डबीच्या पोटातच असते. ते नाव आणि पासवर्ड विचारते. चिठ्ठीवरचे टाका. काही कंपन्यांचे यासाठी मोबाइलवर वेगळे अॅप असते, तेही चालते.

आत गेल्यावर पहिल्याने कारभाऱ्याची किल्ली बदला. लोक वाय-फायचा पासवर्ड बदलतात आणि ही तशीच सोडतात. मी त्यातच फसलो.

मग 'वायरलेस' असे लिहिलेल्या जागी जा. तिथे डबीचे नाव असते. त्याला एस एस आय डी म्हणतात. मावशींना न कळलेले शब्द ते हेच. नाव काहीही ठेवा, पण आडनाव, घरनंबर, मोबाइल नंबर ठेवू नका. गल्लीतून जाणाऱ्याला कोणती डबी कुणाची हे कशाला सांगायचे?

त्याच्या खाली 'सिक्युरिटी'. म्हणजे कडीची जात. तिथे डब्ल्यू पी ए थ्री असेल तर ते निवडा. घरातला जुना मोबाइल त्याला जुळला नाही, तर डब्ल्यू पी ए टू घ्या. 'ओपन' म्हणजे सताड उघडे दार. ते नको. आणि डब्ल्यू ई पी नावाची एक फार जुनी कडी कुठे कुठे अजून दिसते. ती कशी काढायची हे जाणकारांनी २००१ सालीच दाखवून दिले. तीही नको.

आता पासवर्ड. निदान आठ अक्षरे लागतात, पण आठवर थांबू नका. मुलाचे नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर हे गावाला माहीत असते. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा. जवस, शिडी, मोट, पतंग. असे काही. हेच घेऊ नका बरे का, आत्ता सगळ्यांनी ऐकले! लांब शब्द ओळखायला यंत्रालाही फार वेळ लागतो, आणि तुमच्या मात्र ध्यानात राहतो. वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. ती वही पेटीत ठेवा. ओसरीच्या भिंतीवर खडूने लिहू नका. आमच्या एका नातलगाने लिहिला होता.

डबीला एक बटण असते, त्यावर डब्ल्यू पी एस लिहिलेले. ते दाबले की पासवर्ड न टाकता एखादे यंत्र जोडता येते. सोय खरी. पण त्याच सोयीत आठ आकड्यांचा एक पिन असतो, आणि तो थोड्या खटपटीने ओळखता येतो हे २०११ साली उघड झाले. सेटिंगमध्ये ही सोय बंद करून टाका. तिथेच 'अपडेट' दिसले तर तेही करा. डबीच्या आतल्या कामात सापडलेल्या चुका त्याने दुरुस्त होतात.

पासवर्ड बदलला की घरातले सगळे मोबाइल तुटतात. घाबरायचे नाही. प्रत्येकावर नवा शब्द एकदा टाकला की झाले. आगंतुक बाहेर पडतात, घरचे आत येतात.

"पर गुरुजी, पाव्हणे आले, जावई आला, त्याला नाही कसं म्हणावं?" खरे आहे. जावयाला वाय-फाय नाकारणे म्हणजे चहा नाकारण्यासारखेच झाले आहे. त्यासाठी पुष्कळ डब्यांत 'गेस्ट' नावाची सोय असते. आपल्या वाड्यांना ढाळज असते ना? पाहुणा ढाळजेत बसतो. चहापाणी तिथेच होते, तो माजघरात येत नाही. गेस्ट म्हणजे डबीची ढाळज. तिचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि पाहुणे गेल्यावर बदला. कुणाला राग येत नाही.

पैशाचे विचारता? मोबाइलवरून पैसे पाठवताना बँकेचे अॅप आपले बोलणे स्वतःच्या कुलपात घालून पाठवते. शेजाऱ्याने तुमचे वाय-फाय धरले म्हणून लगेच खाते रिकामे होत नाही. उगीच भीती घालणाऱ्याचे ऐकू नका. पण कारभाऱ्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, तर तो डबीला खोटे पत्ते शिकवू शकतो. तुम्ही बँकेच्या पानाचे नाव टाकावे आणि डबीने तुम्हाला हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर न्यावे, असे करता येते. तिथे आकडे भरले की मग पैसे जातात. तसे कधी झालेच, तर १९३० या नंबरावर त्याच घटकेला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

आणि एक. डबी कुठे ठेवावी? आपली जुनी माळवदाची घरे, दगडमातीच्या हात-दीड हात भिंती. त्यातून लहर फार क्षीण होऊन जाते. डबी कोपऱ्यातल्या खोलीत, लोखंडी कपाटामागे ठेवली, तर आतल्या खोलीत नेट येणार नाही आणि रस्त्यावर मात्र जाईल. ती घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवा. डबीत बहुधा दोन जातीच्या लहरी असतात. २.४ लिहिलेली दूर जाते पण हळू चालते, ५ लिहिलेली जलद पण भिंतीला थकते. ओसरीवर पहिली घ्या, डबीच्या खोलीत दुसरी.

माझ्या डबीचे पुढे काय झाले ते राहिलेच. मागे सुईएवढे एक भोक असते. त्यात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरली. डबी कारखान्यातून आली तशी झाली. पण कंपनीची माहितीही पुसली गेली आणि दोन दिवस नेट बंद. शेवटी माणूस बोलवावा लागला. म्हणून टाचणी हा अखेरचा इलाज. आधी कंपनीला फोन. ज्या पोराने ते नाव ठेवले, तो कोण हे मला कळले. आता त्याच्याकडूनच मी पारावरच्या घरांच्या डब्या तपासून घेतो. हुशार आहे, कामाला लावला पाहिजे.

बरे, बोलणे पुष्कळ झाले. मावशी, आज डबी पिशवीत घालून आणायला सांगितली होती, आणलीत ना? वीज जोडा तिला. तार नसली तरी तिचे पान उघडते. चिठ्ठीवरचा पत्ता तुम्हीच वाचा, मोठ्याने. पासवर्डाची ओळ मात्र मनात.