मूळ रंग कोणता?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावून सांगितलंय की नोकरी, मुलं आणि फ्लॅट सोडून बोलायचं. म्हणून मी माझ्या छंदाबद्दल बोलते. जुन्या विज्ञानपटांचे बिघडलेले किंवा बदललेले रंग पुन्हा जुळवायचं काम जगभरातले हौशी लोक रात्री जागून करतात. त्यांच्यातली मी एक किरकोळ कार्यकर्ती. यातून एक रुपया मिळत नाही, उलट हार्ड डिस्क विकत घ्याव्या लागतात.

मुळात रंग बिघडतात कसे? घरी आईवडिलांचा जुना अल्बम काढून बघा. बरेचसे रंगीत फोटो तांबूस झालेले दिसतील. रंगीत फिल्ममध्ये पिवळा, किरमिजी आणि सायन, म्हणजे हिरवट निळा, असे तीन रंगांचे थर असतात. ते सारख्या वेगाने उडत नाहीत. सिनेमाच्या जुन्या प्रतींमध्ये बहुधा सायन आधी जातो आणि मागे उरतो गुलाबी पडदा. टेक्निकलरच्या जुन्या छपाईतले रंग मात्र पक्के. त्या प्रती पन्नास वर्षांनंतरही टवटवीत दिसतात.

कधीकधी रंग काळाने नाही, तर माणसांनी बदललेले असतात. 'स्टार वॉर्स' १९७७ चा. १९९७ साली जॉर्ज लुकस यांनी नवी दृश्यं घालून त्याची 'स्पेशल एडिशन' काढली. २००४ ची डीव्हीडी आणि २०११ ची ब्लू-रे यांत आणखी बदल झाले. आपल्याच कलाकृतीत बदल करायचा त्यांना हक्क आहे, त्याबद्दल भांडण नाही. भांडण एवढंच, की लोकांनी १९७७ मध्ये जो सिनेमा पाहिला, तो चांगल्या दर्जात मिळेनासाच झाला. मग चाहत्यांनी त्या काळची टेक्निकलर प्रत मिळवली, ती स्कॅन केली, धूळ आणि ओरखडे काढले, रंग जुळवले. त्या कामाचं नाव 'फोर-के सेव्हन्टी सेव्हन'. सिनेमाचे हक्क त्यांच्याकडे नाहीत, म्हणून ते तो विकत नाहीत. पुढे जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची एक जपलेली प्रत पडद्यावर दाखवली, तेव्हा तो बातमीचा विषय झाला.

'मेट्रिक्स' तर आपल्या कॉलेजच्या दिवसांतला, १९९९ चा. त्याचा हिरवा रंग सगळ्यांना आठवतो ना? पण थिएटरमध्ये तो एवढा हिरवा नव्हता. पुढचे भाग आल्यावर त्यांच्याशी मेळ बसावा म्हणून नंतरच्या डिस्कवर हिरवा वाढवला गेला. २०१८ च्या आवृत्तीत मूळ छायाचित्रणकार बिल पोप यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा कमी केला. म्हणजे आपल्याला जे "चांगलं आठवतं", ते बऱ्याचदा नंतर घरी पाहिलेलं असतं.

आमचं प्रत्यक्ष काम मात्र कंटाळवाणं आहे. सेकंदाला २४ या हिशेबाने दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम होतात. आम्ही एकेक शॉट घेतो, त्यातली पांढरी किंवा करडी असणारच अशी वस्तू शोधतो, तिच्या आधारे लाल, हिरवा, निळा सरकवतो आणि जुन्या प्रतीशी ताडून बघतो. प्रोग्रॅम लिहिणं त्यातलं सोपं काम. अवघड असतो तो वाद. "मला पक्कं आठवतंय, आकाश असं नव्हतं," असं दहाजण दहा प्रकारे सांगतात. म्हणून नियम असा, की आठवण हा पुरावा नाही, प्रत हा पुरावा. अर्थात दोन प्रतींतही फरक असतो, प्रोजेक्टरच्या दिव्यानेही रंग बदलतो. तेव्हा अंदाज कुठे केला, ते लिहून ठेवायचं.

आपल्याकडेही हे काम होतं, आणि रीतसर होतं. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ चा, गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला आणि २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला. तो ज्यांनी चित्रित केला, ते गोविंद निहलानी स्वतः देखरेखीला होते. असं भाग्य आम्हा हौशींच्या वाट्याला येत नाही.

पण या विषयातला सगळ्यात मोठा धडा आपल्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याला आपण सहलीला गेलो होतो. त्या वेळी डब्यातल्या पुऱ्यांकडे जास्त लक्ष होतं, हे मान्य करू. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना तिथे बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पक्का केला, त्याचे उपकारच आहेत. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं व्हार्निशही दिलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ चिकटली, आणि ते काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अनेक वर्षं खपावं लागलं. हेतू चांगलाच होता. पण थर थेट मूळ चित्रावर चढवला होता. संगणकावर माझं नशीब चांगलं, मला वेगळ्या फाइलवर काम करता येतं. म्हणून माझ्या लेखी पहिला नियम एकच : मुळाला हात लावायचा नाही.

आता या स्मरणिकेतला आपला दहावीचा फोटो. मूळ प्रिंट तांबूस झाली होती. कुणीतरी ती फोनवरच्या ॲपमधून काढून ग्रुपवर टाकली. अंगठ्यांचा पाऊस पडला. फोटो खरंच छान दिसत होता, कारण आपण सगळेच गोरे झालो होतो! वर्गात ज्यांना रंगावरून चिडवलं जायचं, त्या दोघी तर ओळखू येत नव्हत्या. त्यांतली एक मला फोनवर म्हणाली, "अगं, तेव्हाही मला असंच पुसायचे." त्यानंतर समितीने फोटो माझ्याकडे सोपवला.

मी नेहमीप्रमाणे पांढरा शर्ट आधार धरला आणि अडले. तो शुभ्र केला की चेहरे पिवळे पडायचे. मग लक्षात आलं, आपले शर्ट पांढरे नव्हतेच. घरोघरी आयांनी त्यांना नीळ दिलेली होती! शर्टात तेवढी नीळ राहू दिली, तेव्हा चेहरे जागेवर आले. सावळे सावळेच आले, आणि प्रत्येकजण ओळखू आला.

स्मरणिकेत दोन्ही फोटो शेजारी छापायची विनंती मी समितीला केली आहे. डावीकडे तांबूस झालेला, जसाच्या तसा. उजवीकडे मी जुळवलेला, खाली काय केलं त्याच्या दोन ओळींसह. माझा अंदाज चुकला असेल, तर उद्या कुणीही डावीकडच्या फोटोपासून पुन्हा सुरुवात करू शकेल. घरी कुणाकडे त्या वेळची प्रिंट किंवा निगेटिव्ह असेल, तर कृपया फेकू नका. आणि स्कॅन केल्यावरही फेकू नका.